ऑरेगनचा किनारा आणि ट्रॅव्हल ट्रेलर: सल्ला हवा

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येत असून, त्यांना व दोन्ही मुलांना घेऊन ॲस्टोरियापासून ब्रुकिंग्सपर्यंत 101 क्रमांकाच्या महामार्गाने ऑरेगनचा किनारा पाहावा, असा आमचा बेत आहे. बाबांना रात्री दोन-तीनदा उठावे लागते आणि बाहेरचे जेवण दोघांनाही मानवत नाही. म्हणून हॉटेलांऐवजी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायचे, स्वयंपाकघर व शौचालय असलेले फिरते घर) भाड्याने घ्यावा, असे वाटते. आमची सात आसनी गाडी 5000 पौंड ओढू शकते आणि पसंत पडलेल्या ट्रेलरचे वजन 4200 पौंड दिले आहे. मुक्काम कोठे करावेत, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आपला,
बीव्हर्टनकर

—

स. न. वि. वि.

मुक्कामाआधी वजनाविषयी लिहितो, कारण खरी अडचण तेथे आहे. 4200 पौंड हे बहुधा रिकाम्या ट्रेलरचे वजन असणार. त्यात गॅसच्या टाक्या, भांडी, अंथरूण-पांघरूण आणि पाणी भरले (40 गॅलन पाण्याचेच सुमारे 330 पौंड होतात) की आकडा 5000 च्या आसपास जातो. शिवाय ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार गाडीच्या हुकावर येतो आणि तो माणसे व सामान यांच्याच हिशेबात धरावा लागतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर ही मर्यादा छापलेली असते. तुम्ही सहा जण, बॅगा आणि हुकावरचे 500-600 पौंड यांची बेरीज करून त्या आकड्याशी ताडून पाहा. ती त्यात बसेल, असे मला वाटत नाही. दोघांना ट्रेलरमध्ये बसवावे, तर ऑरेगनच्या कायद्याने तेही चालत नाही.

तेव्हा ट्रेलर ओढूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काही मालक ठरलेल्या कॅम्पग्राउंडवर (उद्यानातील मुक्कामाच्या जागेवर) ट्रेलर आणून, समतल करून, वीज-पाणी जोडून देतात. त्या उद्यानात त्यांना तशी मुभा आहे ना, एवढे आधी विचारावे. न्यूपोर्टजवळच्या साउथ बीच स्टेट पार्कमध्ये तळ ठोकला, तर उत्तरेला देवमाशांसाठी प्रसिद्ध असलेले डीपो बे आणि दक्षिणेला सुमारे 800 फूट उंचीवरचे केप पर्पेचुआ, दोन्ही ठिकाणे गाडीने दुपारच्या जेवणाआधी पाहून परतता येते. केप पर्पेचुआच्या माथ्यावर जाणाऱ्या वळणांवर मागे ट्रेलर नसलेलाच बरा. समुद्राचे पाणी मात्र ऐन जुलैतही बर्फासारखे असते. मुलांना डुंबायचेच असेल, तर फ्लॉरेन्सजवळच्या हनीमन पार्कमधील क्लीवॉक्स तळ्यावर न्यावे, तेथे वाळूच्या टेकड्या थेट पाण्यात उतरतात.

स्वयंपाकाविषयी दोन शब्द. 30 अँपिअरच्या जोडणीवर इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि एसी एकदम लावले की ब्रेकर पडतो. फोडणी बाहेरच्या बाकावर, गॅसच्या शेगडीवरच करावी. किनाऱ्याच्या दमट हवेत तो वास गाद्यांतून जात नाही आणि मालक अनामत रक्कम परत करताना कुरकुरतो. जागेवर सांडपाण्याची जोडणी नसेल, तर भांडी घासण्यातच टाकी भरते.

आपला,
कॉर्व्हॅलिसकर

—

नमस्कार.

कॉर्व्हॅलिसकरांचा हिशेब बिनतोड आहे, पण एकाच जागी राहून किनारा पाहिला असे म्हणवत नाही. एखाद्या मित्राचा दणकट पिकअप ट्रक मिळत असेल आणि दोन गाड्यांनी जाण्याची तयारी असेल, तर फोर्ट स्टीव्हन्स, साउथ बीच, हनीमन आणि हॅरिस बीच असे चारच मुक्काम करावेत, आणि तेही उत्तरेकडून दक्षिणेकडे. त्या दिशेने जाताना समुद्र उजव्या हाताला राहतो, त्यामुळे ट्रेलरसह समोरची वाहतूक न ओलांडता थांब्यावर वळता येते, आणि उन्हाळ्यातला वायव्येचा वाराही बहुतेक वेळ पाठीशी असतो. न्यूपोर्टचा 1936 सालचा पूल मात्र अरुंद आहे, तेथे वेग आधीच कमी करावा.

कोणताही बेत ठरला, तरी या उद्यानांचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि जुलैच्या शनिवार-रविवारच्या जागा हातोहात जातात. तारखा आई-बाबांच्या विमानाच्या तिकिटांआधी ठरवाव्यात.

आपली,
सेलमकर