एमरल्ड बॅटल फ्रंटियर: टॉवर जमला, अरिना आणि पॅलेसमध्ये माती का खातोय? (मदत हवी आहे)

फौंड्रीवाला (उद्यमबाग, बेळगाव)

नमस्कार मंडळी. गेमबॉय अॅडव्हान्सवरचा पोकेमॉन एमरल्ड अजून कोण खेळत असेल तर जरा बघा की. चॅम्पियन झाल्यावर बोटीनं जे बॅटल फ्रंटियर लागतं, तिथं अडकलोय. सात इमारती आणि सातांचे सात कायदे. प्रत्येक इमारतीला एक प्रमुख, त्याला पहिल्यांदा हरवलं की सिल्व्हर सिंबॉल (बिल्ला), पुढच्या वेळी गोल्ड. टॉवरमध्ये प्रमुख अॅनाबेलला हरवून सिल्व्हर सिंबॉल घेतला, डोमचाही झाला. तीच टीम घेऊन अरिनात गेलो की दोन-तीन लढतींत बाहेर. पॅलेसमध्ये तर माझे पोकेमॉन माझं ऐकतच नाहीत.

लेव्हल ५० वर खेळायलोय. टीम अशी (पुढं प्रत्येकाच्या चार मूव्ह, म्हणजे डाव):

स्वॅम्पर्ट: सर्फ, अर्थक्वेक, आईस बीम, प्रोटेक्ट
मिलोटिक: सर्फ, आईस बीम, टॉक्सिक, रिकव्हर
मेटाग्रॉस (नेचर, म्हणजे स्वभाव, अॅडमंट): अर्थक्वेक, शॅडो बॉल, सायकिक, एक्स्प्लोजन

अरिनात तीन टर्न झाले की पंच घंटी वाजवतो आणि निकाल देतो. माझ्या मिलोटिकचा एचपी (उरलेला जीव) समोरच्यापेक्षा जास्त असतो, तरी जिंकल्याचं म्हणत नाहीत. खानापूरचा भाचा सुट्टीला आलाय, तो शेजारी बसून म्हणतो, "मामा, पंच फितूर आहे." मला तसं वाटत नाही, पण हिशोब काही कळंना झालाय.

दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. अरिनाचा निकाल नेमका कशावर लागतो? आणि ही एकच टीम सातही ठिकाणी रेटता येते का, की प्रत्येक इमारतीसाठी वेगळी बांधायची? दुसरी पाळी करून आल्यावर जो वेळ मिळतो त्यात सात टीम वाढवणं मला शक्य नाही, हे आधीच सांगतो.

खानापूरचा मास्तर

पंच फितूर नाही, भाच्याला सांगा. आनंदवाडीच्या आखाड्यात निकाली कुस्ती बघायची सवय असलेल्या माणसाला गुणांवरची कुस्ती आवडत नाही, तसला प्रकार आहे. टॉवरमध्ये चितपट होईपर्यंत लढत चालते. अरिनात तीन टर्नमध्ये कुणी पडलं नाही तर गुण मोजतात.

गुण तीन गोष्टींचे: माइंड, स्किल आणि बॉडी. माइंड म्हणजे किती वेळा अंगावर गेलात. हल्ल्याच्या मूव्हला एक गुण, टॉक्सिक-रिकव्हरसारख्या विष देणाऱ्या, एचपी भरणाऱ्या मूव्हला शून्य, आणि प्रोटेक्ट, डिटेक्ट, एन्ड्युअर असली बचावाची मूव्ह मारली तर उलट एक गुण कापतात. स्किलमध्ये मूव्ह लागली तर एक, सुपर इफेक्टिव्ह (जास्त जोरानं) लागली तर दोन. नॉट व्हेरी इफेक्टिव्ह (कमी जोरानं) असेल तर उणे एक. चुकली किंवा फेल गेली तर उणे दोन. बॉडी म्हणजे राहिलेला एचपी. प्रत्येक विभाग जिंकणाऱ्याला २, बरोबरी झाली तर दोघांना १-१. बेरीज जास्त त्याचा जय, आणि बेरीज सारखी आली तर दोघंही बाद.

आता तुमचं मिलोटिक घ्या. टॉक्सिक, रिकव्हर, रिकव्हर असे तीन टर्न गेले आणि समोरच्यानं तीन साधे हल्ले केले. माइंड ० विरुद्ध ३, ते दोन गुण त्याचे. स्किल तीन-तीन, म्हणजे १-१. बॉडी तुमची, दोन गुण तुम्हाला. बेरीज ३-३. एचपी जास्त असूनही मिलोटिक घरी, समोरचाही घरी. त्यातला एक रिकव्हर भरल्या एचपीवर मारला असेल तर तो फेल धरतात, मग स्किलही जातं आणि सरळ हार होते. आधीच विष चढलेल्यावर पुन्हा टॉक्सिक मारलात तरी तेच.

निपाणीचा नवखा

मास्तर, बॉडीत एक बारकं आहे बघा. एचपी पूर्ण आकड्याशी ताडत नाहीत. ती जोडी समोरासमोर आली तेव्हा जेवढा होता, त्याच्या किती टक्के उरला ते बघतात. म्हणजे पहिल्याला पाडताना मेटाग्रॉस अर्धा झाला असला तरी दुसऱ्याविरुद्ध तो पुन्हा शंभर टक्क्यांपासूनच मोजतात. मला हे लई उशिरा कळालं. तोवर जखमी पोकेमॉन आता कामाचा नाही म्हणून त्याला सरळ एक्स्प्लोजन (स्वतः फुटून बाद होणारी मूव्ह) मारायला लावत होतो.

खानापूरचा मास्तर

बरोबर. आणि अरिनात स्विच (मधेच पोकेमॉन बदलणं) नाही, आत जाताना लावलेल्या क्रमानंच येतात. म्हणून टीमची गरज टॉवरच्या उलटी आहे. टॉवरमध्ये सावकाश खेळणारा जिंकतो, इथं आल्या-आल्या कानाखाली देणारा. तुमचं मिलोटिक टॉवरचं रत्न आहे, इथं त्याला काढा. निदान टॉक्सिक-रिकव्हर काढून चारही हल्ले द्या. स्वॅम्पर्टचा प्रोटेक्ट तर आजच विसरवा.

अरिनाची प्रमुख ग्रेटा २८व्या लढतीला सिल्व्हरसाठी येते. तिच्याकडं हेराक्रॉस, अंब्रिऑन आणि शेडिंजा असतात. शेडिंजावर सर्फ, अर्थक्वेक, आईस बीम, सायकिक यातलं काहीच लागत नाही आणि प्रत्येक वेळी स्किलचे दोन गुण जातात. मेटाग्रॉसचा शॅडो बॉल लागतो, एका फटक्यात. तो शेडिंजासमोर यावा असा क्रम लावा. गोल्डला, ५६व्या लढतीला, शेडिंजा नसतो. तिथं अंब्रिऑन, गेंगार, ब्रेलूम.

वडगावकरीण

पॅलेसचं मी सांगते. आमच्याकडं दोघी बहिणी मिळून खेळतो, तिथला प्रमुख स्पेन्सरचा सिल्व्हर घेऊन झालाय.

दादा, तुमचे पोकेमॉन ऐकत नाहीत असं म्हणालात, ते तिथला नियमच आहे. पॅलेसमध्ये मूव्ह तुम्ही निवडत नाही, पोकेमॉन स्वतः निवडतो आणि तेही त्याच्या नेचरवर. तुमच्या हातात फक्त स्विच. मूव्हचे तीन गट धरतात: हल्ला, स्वतःवर वापरायच्या मूव्ह (रिकव्हर, प्रोटेक्ट, सोर्ड्स डान्स) आणि समोरच्याला त्रास देणाऱ्या (टॉक्सिक, थंडर वेव्ह). नेचर आधी गट ठरवतं, मग त्यातली मूव्ह. त्या गटातली मूव्हच नसेल तर पोकेमॉन बऱ्याचदा नुसता उभा राहतो. आणि एचपी निम्म्याखाली गेला की स्वभाव बदलतो! हे सगळ्यांत गमतीचं.

अॅडमंट मेटाग्रॉस एचपी भरलेला असताना तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त वेळाच हल्ल्याचा गट धरतो. निम्म्याखाली गेला की मात्र चवताळतो. टॉवरला अॅडमंट उत्तम, कारण तिथं अटॅक वाढण्याशीच मतलब. पॅलेसला आम्हाला हेस्टी आवडतं. सुरुवातीला बरं हल्ला करतं आणि निम्म्याखाली जवळजवळ हल्लाच करतं. हार्डीही चालतं, ते दोन्ही वेळा सारखं वागतं. हेस्टीत डिफेन्स थोडा कमी होतो, तेवढं सोसायचं.

आणखी एक. त्या मेटाग्रॉसवर एक्स्प्लोजन ठेवून पॅलेसमध्ये जाऊ नका. कधी फुटेल ते तुमच्या हातात नाही. पहिल्याच टर्नला फुटलं तर रडायचं कुणापाशी?

फौंड्रीवाला

मास्तर, ताई, उपकार झाले. भाच्याला हिशोब कागदावर मांडून दाखवला, आता तो पंचाच्या बाजूनं बोलायलाय.

म्हणजे मेटाग्रॉस नवीन करायचाच, असं दिसतंय. पण स्टिव्हननं मॉसडीपच्या घरात ठेवलेला बेल्डम (मेटाग्रॉसचं पहिलं रूप) एकच मिळतो ना? दुसरा आणू कुठून?

निपाणीचा नवखा

डिट्टो (दुसऱ्या पोकेमॉनशी जोडी लावायला चालणारा पोकेमॉन) धरा की. डेझर्ट अंडरपासमध्ये मिळतो. मेटाग्रॉस आणि डिट्टो डे केअरला (पोकेमॉन सांभाळायच्या ठिकाणी) ठेवले की अंड्यातून लेव्हल ५ चा बेल्डम निघतो. हेस्टी पाहिजे असेल तर आधी ग्रॅनाइट केव्हमधून सिंक्रोनाइज (रानटी पोकेमॉनला आपलं नेचर लावायची खुबी) असलेला हेस्टी अब्रा धरायचा आणि त्याला टीममध्ये पहिला ठेवून डिट्टो शोधायचा. निम्मे डिट्टो हेस्टी निघतात. मग त्या डिट्टोला एव्हरस्टोन धरायला द्यायचा, अंड्यातून निम्म्या वेळा त्याचंच नेचर उतरतं. आधीच्या रुबी-सफायर गेममध्ये ही दोन्ही कामं होत नव्हती, एमरल्डपासून सुरू झाली.

नवीन करतायच तर मिटिओर मॅश हा स्टीलचा हल्लाही घ्या. तुमच्या यादीत नाही ते बघूनच मला चुटपुट लागली होती. मेटाग्रॉस तो ५५ला शिकतो, म्हणजे लेव्हल ५०च्या लढतींना उपयोग नाही. पण मेटँग (बेल्डम आणि मेटाग्रॉसच्या मधलं रूप) ५०लाच शिकतो. ४५ला तो मेटाग्रॉसमध्ये बदलायला लागला की बी बटण दाबून थांबवा, प्रत्येक लेव्हलला थांबवा. ५०ला मॅश शिकला की त्याच वेळी बदलू द्या. झाला ५०चा मेटाग्रॉस, मॅशसकट.

खानापूरचा मास्तर

हा उपाय चोख आहे. असा मेटाग्रॉस झाला की अरिना आणि पॅलेस दोन्हीकडं तोच न्या, टॉवरला जुना राहू द्या.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडं. सात टीम लागत नाहीत. फॅक्टरीत स्वतःचे पोकेमॉन नेताच येत नाहीत, भाड्याच्या सहांतून तीन निवडायचे आणि जिंकल्यावर हवं तर समोरच्याचा एक बदलून घ्यायचा. तिथं टीम नको, डोकं पाहिजे. माझ्या मते सगळ्या फ्रंटियरमध्ये खरी परीक्षा तीच, पण ते माझं मत झालं. अनोळखी पोकेमॉन काय-काय करू शकतो हे तिथं जेवढं शिकायला मिळतं तेवढं कुठंच नाही. तिथला प्रमुख नोलंड २१व्या आणि ४२व्या लढतीला.

डोमचा सिल्व्हर तुम्ही घेतलाच आहे. तीन दाखवून दोन उतरवायचे असल्यामुळं तिथं तुमची जुनी टीम चांगली. गोल्डच्या वेळी तिथला प्रमुख टकरकडंही स्वॅम्पर्ट आणि मेटाग्रॉस असतात, तुमचाच आरसा.

पाइक नशिबाची आहे. तीन पडदे, चौदा खोल्यांची फेरी, मधे कुठं विष, कुठं लकवा, आणि खोली बदलली म्हणून एचपी भरून येत नाही. मिलोटिकचा रिकव्हर इथं सोन्याचा. ल्यूसी २८व्या खोलीत भेटते, गोल्डसाठी मात्र १४०व्या. एवढं चालायला धीर पाहिजे.

पिरॅमिडमध्ये पोकेमॉनच्या हातात काही वस्तू देऊन आत सोडत नाहीत. तिथलीच बॅटल बॅग, तिथंच सापडलेली औषधं. अंधारात सात मजले. ट्रेनरला हरवलं की उजेड वाढतो, म्हणून त्यांना चुकवत पळू नका. रानटी पोकेमॉन पहिल्या फेरीत लकवा देणारे, दुसरीत विषारी, तिसरीत भाजणारे. मेटाग्रॉसला विष चढत नाही, दुसरी फेरी त्याच्या जिवावर काढा. ब्रँडन २१व्या मजल्याला रेजीरॉक, रेजीआइस, रेजीस्टील घेऊन उभा असतो. स्वॅम्पर्टचा अर्थक्वेक पहिल्या आणि तिसऱ्याला पुरेसा आहे, रेजीआइसला मिटिओर मॅश.

वडगावकरीण

फ्रंटियरमध्ये जिंकून मिळणारे बॅटल पॉइंट साठलेत ना दादा? अटॅक वाढवणारा चॉइस बँड ६४ला मिळतो, तो घ्यायची घाई करू नका. एकाच मूव्हला बांधून ठेवतो आणि अरिनात स्विच नसल्यामुळं शेडिंजासमोर अर्थक्वेकवर अडकलात तर तीनही टर्न फुकट. आधी व्हिटॅमिन घ्या, एकेक पॉइंटला मिळतात, नव्या बेल्डमच्या कामी येतील.

फौंड्रीवाला

ताई, तेच घेतो. एक शेवटचं. माझी गेमची काडतूस (कार्ट्रिज) सेकंड हँड आहे. चालू केली की आतली बॅटरी संपल्याचा मेसेज येतो. अंडी फुटतील का? आणि एवढं सगळं करून सेव्ह उडालं तर?

निपाणीचा नवखा

सेव्ह फ्लॅश मेमरीत असतं, त्या बॅटरीचा त्याच्याशी संबंध नाही. अंडी पावलांवर फुटतात, सायकल घेऊन मॉव्हिलच्या वरखाली फिरवा. बंद पडतात ती घड्याळावरची कामं: लावलेल्या बेरी वाढत नाहीत, शोल केव्हची भरती-ओहोटी थांबते, रोजची लॉटरी बदलत नाही. लम बेरी (विष, लकवा वगैरे बरं करणारं फळ) हाताशी असतील तर खाऊ घालून संपवू नका, धरायला दिलेली फ्रंटियरच्या लढतीत वापरली तरी बाहेर आल्यावर परत मिळते.