मदत हवी आहे : गाडीला इरिडियमचे परफॉर्मन्स स्पार्क प्लग बसवावेत का?

घाटमाथा
नमस्कार. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये दम टाकते आणि मधूनच हलका झटका देते. गॅरेजवाल्यांचे म्हणणे असे, की सध्याचे साधे प्लग काढून चार इरिडियमचे परफॉर्मन्स प्लग बसवले तर पिकअप सुधारेल आणि ॲव्हरेजही वाढेल. एकूण ३२०० रुपये खर्च सांगितला आहे. शनिवारी घरच्यांना घेऊन कराडला जायचे असल्यामुळे उद्यापर्यंत ठरवावे लागेल. हे प्लग बसवणे योग्य ठरेल की नाही, एवढेच कृपया सांगावे. ‘गाडी बदला’ हा सल्ला घरातून रोज मिळतो, तो इथे नको.

तेलकट हात
गाडी कोणती, कोणत्या वर्षाची, किती किलोमीटर चाललेली आणि प्लग शेवटचे केव्हा बदलले, यांपैकी काहीही आपण लिहिलेले नाही. एवढ्या माहितीवर कोणीही ‘हो’ म्हटले, तर ते उत्तर आपल्या गाडीबद्दलचे नसेल.

पल्सरप्रेमी
निःशंक बसवा. माझ्या पल्सरला इरिडियम प्लग बसवल्यापासून गाडी पहिल्या किकमध्ये सुरू होते आणि पिकअपमधला फरक मागे बसणाऱ्यालाही जाणवतो. साध्या प्लगवर पैसे घालवू नयेत.

निवृत्त फिटर
पल्सरप्रेमी, आपण जुने झिजलेले प्लग काढून नवे बसवलेत. त्या जागी नवे साधे प्लग बसवले असते, तरी फरक जाणवलाच असता. शिवाय बजाजने २००३ साली आणलेल्या डीटीएस-आय इंजिनात एका सिलिंडरला दोन प्लग असतात आणि ज्वलन दोन बाजूंनी सुरू व्हावे असे ते इंजिनच घडवलेले आहे. तिथला अनुभव चारचाकीला जसाच्या तसा लागू होत नाही.

मूळ प्रश्नाबद्दल. प्लगचे काम ठिणगी पाडण्याचे आहे. हवा-इंधनाचे मिश्रण व्यवस्थित पेटत असेल, तर महागड्या ठिणगीने त्याच मिश्रणातून जास्त ताकद निघत नाही. ताकद ठरते ती किती हवा आणि किती इंधन आत गेले, इंजिनाचे कॉम्प्रेशन किती आहे आणि ठिणगी नेमक्या कोणत्या क्षणी पडते यांवर, आणि तो क्षण इंजिनाचा संगणक ठरवतो. खराब प्लगमुळे गेलेली ताकद नवा प्लग परत आणतो. इंजिनात नसलेली ताकद तो आणू शकत नाही.

घाटमाथा
वॅगन आर १.०, २०१९ चे मॉडेल, ६८,००० किलोमीटर. प्लग आधीच्या मालकांनी केव्हा बदलले ते माहीत नाही. आता कृपया उत्तर द्यावे.

तेलकट हात
वॅगन आरच्या १.० इंजिनाला, म्हणजे के१०बीला, तीनच सिलिंडर असतात आणि प्लगही तीनच लागतात. चौथा प्लग कुठे बसवणार, हे गॅरेजवाल्यांना अवश्य विचारावे.

सनीव्हेल
मी कॅलिफोर्नियात राहतो. माझ्या टोयोटा कॅमरीला कंपनीनेच इरिडियम प्लग दिलेले आहेत आणि ते १,२०,००० मैलांनंतर बदलायचे असतात. तेव्हा इरिडियम उत्तमच, यात वाद नाही.

निवृत्त फिटर
सनीव्हेल, ते टिकाऊपणाबद्दल झाले. प्रश्न ताकदीचा आहे. इरिडियम सुमारे २४५० अंश सेल्सिअसला वितळते, तर निकेल साधारण १४५५ अंशांना, त्यामुळे इरिडियमचे टोक फार सावकाश झिजते आणि म्हणूनच ते अगदी बारीक ठेवता येते. साध्या निकेल प्लगचे मधले टोक सुमारे अडीच मिलिमीटर जाडीचे असते, काही इरिडियम प्लगचे ०.४ मिलिमीटर. बारीक टोकावरून ठिणगी तुलनेने कमी व्होल्टेजवर उडी मारते, हा खरा फायदा आहे. इंजिन खोलल्याशिवाय प्लगपर्यंत हात पोहोचत नाही अशा गाड्यांत दीर्घायुषी प्लग देणे कंपनीला सोयीचेच असते. वॅगन आरचे प्लग बदलायला अर्धा तासही लागत नाही.

पल्सरप्रेमी
मग बाजारात ‘परफॉर्मन्स’ असे लिहून विकतात ते सगळे खोटे का?

तेलकट हात
बरेचसे अतिरंजित. दोन फाट्यांच्या बाहेरच्या टोकाच्या स्प्लिटफायर प्लगबद्दल ताकद आणि इंधनबचतीचे जे दावे जाहिरातींत केले जात होते, त्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९७ मध्ये कारवाई केली होती. तीन-चार बाहेरच्या टोकांच्या प्लगमध्येही ठिणगी एका वेळी एकाच टोकाकडे जाते; जास्त टोके असल्यामुळे झीज विभागली जाते, इतकेच.

परफॉर्मन्सच्या नावाखाली कधीकधी ‘थंड’ प्लग, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर सोडणारे, माथी मारले जातात, हा त्याहून मोठा धोका आहे. प्लगचे टोक साधारण ४५० अंशांच्या वर तापले, तरच त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. टर्बोचे बूस्ट वाढवलेल्या किंवा शर्यतीच्या इंजिनाला थंड प्लग योग्य, पण बाजारहाटाच्या गाडीत तो काळा पडत राहतो. त्यातही एनजीके आणि डेन्सो यांच्या क्रमांकात आकडा वाढला की प्लग थंड होतो, तर बॉशमध्ये उलट, आकडा वाढला की गरम. एका कंपनीचा आकडा पाहून दुसरीचा प्लग घेतला की घोटाळा झालाच म्हणून समजावे.

मावळती
माझ्या मते हे सगळे इथेनॉलमुळे होत आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून सगळ्यांच्याच गाड्या मरगळल्या आहेत.

निवृत्त फिटर
इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटते हे मान्य. मात्र झटका त्याने येत असता, तर त्या पंपावर रांगेत उभ्या प्रत्येक गाडीला आला असता. घाटमाथा, हा झटका सपाट रस्त्यावर येतो का? आणि चेक इंजिनचा दिवा लागतो का?

घाटमाथा
सपाट रस्त्यावर क्वचित. दिवा एकदोनदा लुकलुकला आणि बंद झाला. पेट्रोलवर टाकली, तर घाटातही फारसा त्रास होत नाही, पण पेट्रोलवर चालवायची तर सीएनजीची गाडी घेतली कशाला?

तेलकट हात
अहो, सीएनजी आहे हे आता सांगता!

निवृत्त फिटर
या एका माहितीने प्रश्न पुष्कळ सुटला. सीएनजीचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. घाटात पाय दाबलेला असताना सिलिंडरमधला दाब वाढतो, त्यामुळे गरज आणखी वाढते. टोके झिजून गॅप, म्हणजे दोन टोकांमधले अंतर, वाढलेला असेल किंवा ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज पुरवणारा एखादा कॉइल अशक्त झालेला असेल, तर पेट्रोलवर खपून जाणारा दोष सीएनजीवर उघडा पडतो. आपली लक्षणे नेमकी हीच आहेत. दुसरे असे, की या गाडीचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, पेट्रोलवर ९० न्यूटन-मीटर आणि सीएनजीवर ७८ आहे. वायू सिलिंडरात हवेची जागा व्यापतो, म्हणून ही घट राहणारच. कोणताही प्लग ती भरून काढणार नाही.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर तिन्ही प्लग काढून क्रमाने ठेवावेत. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढल्यास आटे जाण्याची भीती असते. टोकाभोवतीची पांढरी चिनी माती फिकट तपकिरी किंवा राखाडी दिसली तर ठीक, काळी काजळी किंवा तेलाचा ओलावा दिसला तर कारण वेगळे शोधावे लागेल. फीलर गेजने (अंतर मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप मोजून मॅन्युअलमधल्या मापाशी ताडून पाहावा. स्कॅनर लावून कोणत्या सिलिंडरचा मिसफायर, म्हणजे मिश्रण नीट न पेटणे, नोंदला गेला आहे ते बघावे, आणि त्या सिलिंडरचा कॉइल शेजारच्यावर बसवून पुन्हा चालवावी. दोष कॉइलबरोबर सरकला, तर दोषी कॉइल.

पल्सरप्रेमी
म्हणजे कमी व्होल्टेज लागते म्हणून सीएनजीला इरिडियमच योग्य, हे आपणच सिद्ध केलेत.

निवृत्त फिटर
कॉइलवरचा ताण कमी होतो, त्यामुळे सीएनजीच्या गाडीत योग्य क्रमांकाचा इरिडियम प्लग बसवण्यात काही गैर नाही. पण मरणाऱ्या कॉइलला तो थोडे दिवस झाकून ठेवील आणि मग घाटातच गाडी उभी राहील. आधी दोष शोधावा, मग हौस करावी.

घाटमाथा
दुसऱ्या गॅरेजमध्ये तपासून घेतले. स्कॅनरवर पी०३०२, म्हणजे दोन क्रमांकाच्या सिलिंडरच्या मिसफायरचा कोड, आला. दोन आणि तीन क्रमांकाचे कॉइल आपसांत बदलून चालवल्यावर पी०३०३, म्हणजे तीन क्रमांकाचा, आला. तिन्ही प्लगांचा गॅप मॅन्युअलमधल्या मापापेक्षा बराच जास्त निघाला. कॉइल एक आणि प्लग तीन, मॅन्युअलमधल्या क्रमांकाचे साधेच, मागवले आहेत. बसवताना काय पाहावे?

तेलकट हात
प्लग आधी बोटांनीच फिरवून बसवावा. अडकला तर काढून पुन्हा लावावा, पान्याने रेटू नये. शेवटचे आवळणे शक्यतो टॉर्क रेंचने आणि मॅन्युअलमधल्या मापाप्रमाणे करावे. आट्यांना ग्रीस लावू नये, कारण त्यामुळे प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. खोके उघडून प्रत्येक प्लगचा गॅप मोजूनच बसवावा, आणि माल ओळखीच्या दुकानातून बिलासह घ्यावा. बनावट प्लग वरून हुबेहूब दिसतात.

निवृत्त फिटर
जुना कोड पुसून टाकायला सांगावे आणि शनिवारच्या आधी एकदा पोफळीपासून वर सीएनजीवरच चढवून पाहावी. पुन्हा पी०३०३ आला, तर कॉइलच्या कनेक्टरची वायर तपासावी.