फोन टॅपिंगच्या आदेशावर न्यायाधीशाची सही का नको?

कृष्णाकाठ, सांगली
ऊसदराच्या मोर्चाला गोपनीय शाखेचा माणूस येतो, फोटो काढतो, "किती जण जमतील?" विचारतो. आम्ही त्याला चहा पाजतो. तो निदान दिसतो तरी! टॅपिंगचं तसं नाही. आदेश देणार गृहसचिव, तो तपासणार मुख्य सचिवांची समिती. सगळे एकाच घरचे. केंद्रातही तीच तऱ्हा: डेटा संरक्षणावर नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८च्या अहवालानुसार तिथल्या समितीपुढे दोन महिन्यांच्या एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश येतात. वाचत काय असतील, कप्पाळ?

निवृत्त फौजदार, कराड
अपहरणाचा फोन आला तर कोर्टाची तारीख बघत बसायचं का? दाभोलकर आपल्या साताऱ्याचे. २०१३ला त्यांचा खून झाला तेव्हा तपास रखडला म्हणून तुम्हीच ओरडत होता. आणि आदेश ६० दिवसांचा असतो, वाढवून वाढवून १८०. मोकाट रान नाही.

कृष्णाकाठ
तातडीच्या वेळी आधी टॅप करा, ७ कामकाजी दिवसांत मंजुरी घ्या, अशी सोय आहेच. ती राहू द्या. फक्त मंजुरी न्यायाधीशाची हवी.

हळदवाला
माझ्या फोनमध्ये शुभ सकाळ आणि हळदीचे भाव. ऐका म्हणावं खुशाल.

वाळवेकर
हळदवाले, याच मातीत पत्री सरकार चाललं ते गावांनी तोंड उघडलं नाही म्हणून. खबऱ्यांचं काय व्हायचं ते आजोबांना विचारा.

निवृत्त फौजदार
इंग्रजांशी तुलना नको, हे निवडून दिलेलं सरकार आहे. पेगासस या फोनमधून हेरगिरी करणाऱ्या स्पायवेअरचा केवढा गाजावाजा झाला! सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले. मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, ५ मध्ये, तेही पेगासस असल्याचं सिद्ध झालं नाही.

वाळवेकर
सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, हेही सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२मध्ये भर कोर्टात सांगितलं. ते बरं गाळलंत? टॅपिंगची निदान फाईल असते. स्पायवेअरची कोण ठेवतं?

निवृत्त फौजदार
स्पायवेअरचं मान्य. पण खालच्या कोर्टात फाईल गेली की कारकुनापासून चहावाल्यापर्यंत बोभाटा. वॉरंट निघायच्या आत आरोपी पसार, हे मी पाहिलंय.

कृष्णाकाठ
मग उच्च न्यायालयाकडे द्या. ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात सर्किट बेंच आहे. आपल्याला मंत्रालयापेक्षा जवळच पडेल.