काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं: तुमचे ड्युअल बूटचे किस्से येऊ द्या

माळ्यावरचा_बोका
काल आईने दिवाळीच्या साफसफाईसाठी माळ्यावर चढवलं. गळका कूलरचा पंप, तीन फुटक्या पणत्या आणि एका खोक्यात उबुंटू ८.०४ (विंडोजऐवजी चालणारी फुकटची लिनक्स सिस्टिम) ची सीडी! तीच, नेटवर पत्ता भरला की परदेशातून फुकट घरपोच यायची ती. (२०११ साली ती योजना बंद झाली. पोस्टमनकाका दरवेळी विचारायचे, "फॉरेनचं काय असतं रे यात?")

सीडी हातात घेतली आणि पोटात तोच जुना गोळा आला. २००९, इचलकरंजी. घरात एकच कॉम्प्युटर, त्यावर विंडोज एक्सपीत बाबांचे मागांचे हिशेब. त्याच डिस्कवर मी गुपचूप उबुंटू घातलेलं, म्हणजे ड्युअल बूट, एका मशीनवर दोन सिस्टिम. एक दिवस जागा कमी पडली म्हणून एक्सपीतूनच उबुंटूचं ते 'अनोळखी' पार्टिशन (डिस्कचा कप्पा) उडवलं. रीस्टार्ट. काळी स्क्रीन आणि 'ग्रब... एरर २२'. म्हणजे 'असं पार्टिशनच नाही'. बरोबरच आहे, मीच उडवलेलं! उबुंटू गेलं याचं काही नाही, पण ग्रब म्हणजे चालू होताना सिस्टिम निवडून देणारा द्वारपाल, आणि एक्सपीचं दारही तोच उघडायचा, हे तेव्हा कुणाला ठाऊक.

पुण्यातल्या मित्राला फोन लावला. फोन सोप्यात, कॉम्प्युटर आतल्या खोलीत, वायर पोचेना. मग धाकटी बहीण मधल्या दारात उभी.
"दादा, एक्सपीची सीडी घाल म्हणतोय."
"दादा, आर दाब म्हणतोय."
"दादा, फिक्स एमबीए लिही म्हणतोय."
एमबीए! ते दोनदा लिहून बघितलंही मी. शेवटी फिक्सएमबीआर (बूट रेकॉर्ड दुरुस्त करायची आज्ञा) लिहिल्यावर कॉम्प्युटरने इशारा दिला की तुमचा बूट रेकॉर्ड वेगळाच दिसतोय, पुढे गेलात तर पार्टिशनं हाताबाहेर जातील. माझे हात गार. बहीण ओरडली, "वाय दाब म्हणतोय, बाबा कोपऱ्यावर दिसतायत!"
वाय दाबलं. एक्सपी उठला. बाबांनी चपला काढेपर्यंत मी पुस्तक उघडून बसलेलो.

तुमचेही सांगा.

आलं_घालून
हसून हसून पुरेवाट. फिक्स एमबीए =))

खडूफळा
बहिणीला काय लाच दिली ते राहिलं.

माळ्यावरचा_बोका
महिनाभर तिच्या वाटचं पाणी भरलं.

जुना_खोडा
तुम्हाला निदान एरर नंबर तरी मिळाला. आमच्या वेळी ग्रबच्या जागी लिलो होता. चालू होताना स्क्रीनवर त्याचं नाव एकेक अक्षर उमटायचं, आणि कुठल्या अक्षरावर अडकला त्यावरून आजार ओळखायचा. मी २००१ साली 'एल आय' वर अडकलेला. पुढचा 'एल ओ' येता येईना. त्या लिलोला फाइलसिस्टिम कळायची नाही, डिस्कवर कर्नल (लिनक्सचा गाभा) नेमका कुठे ठेवलाय ते तो पाठ करून ठेवायचा. तुम्ही नवा कर्नल घातला आणि परत लिलो चालवायला विसरलात की संपलं. पत्ता पाठ असलेला पोस्टमन, आणि घर हललेलं.
बूट फ्लॉपी होती म्हणून वाचलो. ती पहिल्या फटक्यात वाचली गेली हा चमत्कार वेगळाच. सगळा खेळ डिस्कच्या सुरुवातीच्या ५१२ बाइटचा. त्यातही बूटच्या कोडला ४४६, पार्टिशनांच्या यादीला ६४ आणि शेवटी २ सहीचे. एवढ्याशा जागेत लोकांनी संसार केले. आता काय, बूटसाठी ईएफआयचं वेगळं पार्टिशन, शे-दोनशे एमबी, ऐसपैस.

आलं_घालून
फ्लॉपी!! आमच्या शाळेत सर ती कुलपात ठेवायचे.

कुकरच्या_दोन_शिट्ट्या
मोबाईलवरून टंकतेय, कृपया हलके घ्या. माझा ताजा आहे. लेकीच्या लॅपटॉपवर मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) घालायचं म्हणून सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिमला अडवणारा पहारा) बंद केलं. परत विंडोज चालू केलं तर निळी स्क्रीन, बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) ४८ आकडी किल्ली द्या. अहो कुठली किल्ली? मी तर कधी कुलूपच लावलं नव्हतं! नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की ते आपोआप लागतं म्हणे. किल्ली खात्यात ऑनलाइन असते. खातं ह्यांच्या नावाचं, हे फिरतीवर नांदेडला. मग फोनवर आठ गटांत सहा सहा आकडे. 'एक्क्याण्णव की एक्क्याऐंशी' करत तीन वेळा चुकलं. आधी किल्ली लिहून घ्या बायांनो, मग हात लावा. शिट्टी झाली, पळते

खडूफळा
+१ आकडे सुटे सांगावेत. नऊ, एक.

मु_पो_म्युनिक
माझ्याकडे बूट होतं पण घड्याळ चुकायचं, चालेल का? लिनक्सवरून विंडोजमध्ये आलो की तासभर मागे.

वामकुक्षी
आमच्याकडे साडेपाच तास! सकाळी ११ ला विंडोज म्हणणार पहाटेचे ५:३०. मला वाटलं बोर्डावरचा सेल गेला. दुकानातून दोनदा सीआर २०३२ आणून बदलला. दुकानदार तिसऱ्यांदा म्हणाला, साहेब सेल चांगलाय, तुम्ही दुसरं काही तरी बघा. बघितलं तर लिनक्स बोर्डाच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक समजतं. फरक बरोब्बर आपला साडेपाच. लिनक्सलाच स्थानिक वेळ वापरायला सांगितलं, मिटलं. ते दोन सेल अजून ड्रॉवरमध्ये आहेत.

मु_पो_म्युनिक
इथे हिवाळ्यात एक, उन्हाळ्यात दोन. म्हणून लक्षातच यायला वर्ष गेलं.

चकलीचा_काटा
बोकेभाऊ, साफसफाई झाली म्हणजे फराळाला लागलात का? माझी चकली तळताना तुटतेय. भाजणी विकतची.

कुकरच्या_दोन_शिट्ट्या
मोहन जास्त झालं असेल. थोडी कोरडी भाजणी घालून परत मळा.

रिकामटेकडी_नाहीये
माफ करा, किस्सा नाही, माझं आत्ताच अडकलंय! विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला म्हणून शेजारी उबुंटू घातलेलं, छान चाललेलं. आज विंडोजमधून पार्टिशनची जागा इकडची तिकडे केली. आता नुसतं 'ग्रब रेस्क्यू' आणि पुढे लुकलुकणारी रेघ. मुलाचा प्रोजेक्ट आत आहे. रडू येतंय

जुना_खोडा
ताई, रडू नका आणि काही फॉरमॅट करू नका. उबुंटूचं पार्टिशन उडवलं नसेल तर प्रोजेक्ट जागेवर आहे. बहुतेक नंबर बदललाय, ग्रब जुन्याच नंबरवर दार वाजवतोय. 'एलएस' लिहा, एंटर. कंसात एचडी०, जीपीटी१, जीपीटी२ अशी यादी येईल. आता एकेकाला विचारा, एलएस, मग तो कंस, शेवटी तिरकी रेघ. 'अननोन फाइलसिस्टिम' म्हणाला तर सोडा. ज्यात होम, बूट, ईटीसी अशी नावं दिसतील ते आपलं.

रिकामटेकडी_नाहीये
जीपीटी६ मध्ये दिसतंय!! आधी ५ होतं बहुतेक

जुना_खोडा
झालं मग. 'सेट रूट', मग बरोबरचं चिन्ह, मग तोच कंस. 'सेट प्रीफिक्स', बरोबरचं चिन्ह, तोच कंस आणि त्याला चिकटून बूट-ग्रबचा रस्ता, मध्ये जागा सोडू नका. मग 'इनस्मॉड नॉर्मल', मग 'नॉर्मल'. नेहमीचा मेनू येईल. आत गेलात की ग्रब परत इन्स्टॉल करा आणि अपडेट-ग्रब चालवा, नाहीतर उद्या पुन्हा हेच.

वामकुक्षी
मेनूत विंडोज दिसलं नाही तर दचकू नका. ग्रब २.०६ पासून दुसरी सिस्टिम शोधणं मुळातच बंद असतं. डिफॉल्ट/ग्रब फाइलमध्ये ओएस-प्रोबरची ओळ 'फॉल्स' करावी लागते. 'बंद करा' हे 'नाही' करायचं. असलं मराठी आमचे हेडक्लार्क लिहायचे.

माळ्यावरचा_बोका
ताई काय झालं? सगळे श्वास रोखून बसलोत.

चकलीचा_काटा
जमली! कोरडी भाजणी घातली, आता तुटत नाही. धन्यवाद शिट्ट्याताई.

खडूफळा
आम्ही दुसऱ्या ताईंची वाट बघतोय हो.

रिकामटेकडी_नाहीये
आलं!!! मेनू आला, प्रोजेक्ट आहे, पेनड्राइव्हवर घेतला आधी. खोडाकाका, तुमचे फार फार आभार. फक्त आता आवाज येत नाहीये. वेगळा धागा काढू का?

जुना_खोडा
काढा. चहा घेऊन येतो.