क्षार म्हणजे सॉल्ट की बेस? (आणि अणूचा परमाणू कोणी केला?)

रेवातीर:
मंडळी, आमच्या घरात परवापासून आजोबा आणि नातू एकमेकांशी कामापुरतंच बोलताहेत, आणि कारण आहे 'क्षार'.

सासरे मूळचे इंदूरचे. घरी मराठी, शाळा हिंदी, पुढे तिकडेच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. आता आमच्याकडे पुण्यात असतात आणि आठवीतल्या नातवाची विज्ञानाची उजळणी घेतात. सोमवारी घटक चाचणी आहे. मुलाने वहीत लिहिलं होतं, 'आम्ल + आम्लारी → क्षार + पाणी', म्हणजे ॲसिड + बेस → सॉल्ट + पाणी. बाबांनी लाल पेनाने काट मारली. म्हणाले, क्षार बाणाच्या डावीकडे असतो, उजवीकडे लवण होतं. पुढे 'मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण: अणू' यालाही काट, वर लिहिलं 'परमाणू'. 'ऑक्सिजनच्या दोन अणूंचा एक रेणू' हे वाचल्यावर त्यांनी चष्माच काढून ठेवला. "रेणू म्हणजे धूळ रे! धुळीचं रेणुसूत्र लिहितात तुमच्याकडे?"

मुलाने पुस्तक आणून दाखवलं. पुस्तकात त्याचंच बरोबर. बाबा म्हणाले, मग पुस्तक चुकलंय.

सॉल्टला क्षार म्हणणं फक्त आपल्याकडेच आहे का? आणि मुलाला दोन्हीकडचे शब्द सांगायचे तर डोक्यात खिचडी न होता कसे सांगू? मी स्वतः सेमी-इंग्लिशची, त्यामुळे ॲसिड-बेसवरच माझं भागलं.

चौकस:
पेपर इथला तर शब्द इथला. क्षार लिहा, अणू लिहा, गुण घ्या. बाकी चर्चा चालू द्या, शनिवार आहे.

शुद्धमती:
आजोबा शंभर टक्के बरोबर आहेत. वैशेषिक या प्राचीन दर्शनाच्या मांडणीत परमाणू हा शेवटचा, अविभाज्य कण. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचा त्रसरेणू, म्हणजे कवडशात तरंगताना दिसतो तो कण. हिंदीने ॲटम आणि मॉलिक्यूलसाठी परमाणु आणि अणु ही जोडी जवळपास तशीच उचलली. आपण परमाणूला अर्धचंद्र देऊन अणूला त्याच्या जागी बसवलं आणि वर धुळीला रेणू केलं. क्षाराचंही तेच. मराठी विश्वकोश उघडून बघा, तिथे लवण आणि क्षारक असेच शब्द दिसतील. आणि हो, 'आम्ल' नव्हे, 'अम्ल'.

एचटूओ:
ॲसिड, बेस, सॉल्ट, ॲटम, मॉलिक्यूल. पाच शब्द, भांडण शून्य. अकरावीत हेच शिकायचंय ना?

शुद्धमती:
मग मीठही सोडा. 'सॉल्ट वाढा' म्हणा पंगतीत.

कृष्णाकाठ:
शुद्धमती, विश्वकोशातलं लवण आमच्या बांधापर्यंत पोचलं नाही हो. आमच्या भागात उसाला पाणी देऊन देऊन जमिनी गेल्या. त्यांना काय म्हणतात? क्षारपड. लवणपड म्हणणारा अजून भेटायचाय. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर थर बसतो तेव्हा प्लंबर म्हणतो, 'पाण्यात क्षार जास्त आहेत.' सगळीकडे अर्थ सॉल्टचाच. पुस्तकाने तो आमच्याकडून घेतलाय, आकाशातून नाही.

उलट शेतीखात्याची भाषा तुमच्यापेक्षा काटेकोर आहे. माती परीक्षणात दोन वेगळे रोग असतात. क्षारयुक्त जमीन: विद्युतवाहकता 4 च्या वर, पण सामू (पीएच) 8.5 च्या आत. वरती पांढरी साय धरते. चोपण जमीन: सामू 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांच्या वर. पाऊस पडला की चिकट राडा, वाळली की दगड, पाणी मुरतच नाही. म्हणजे बेसपणा जास्त त्या जमिनीला आम्ही क्षाराचं नावच दिलं नाही, चोपण म्हणालो. आणि चोपणवर उपाय काय, तर जिप्सम. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, तोही एक क्षारच! माझा थोरला भाऊ पोती उतरवताना म्हणायचा, 'काट्याने काटा काढतोय का मिठाने मीठ?'

चौकस:
सामू हा शब्द कुठून आला कोणाला ठाऊक आहे का? मला वाटतं साम म्हणजे समतोल, त्यावरून.

एचटूओ:
पीएच. 1909. सोरेनसेन, कोपनहेगनची कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा. म्हणजे बिअरवाल्यांनी दिलेला शब्द. त्याचं सामू करून काय साधलं?

कृष्णाकाठ:
साधलं हे, की माझ्या आईला कळतं. सहावी शिकलेली आहे. 'सामू नऊला टेकलाय' म्हटलं की ती पुढच्या वर्षी त्या तुकड्यात काय लावायचं नाही ते सांगते.

आघाडा:
आयुर्वेदाकडून थोडं. आमच्याकडे क्षार म्हणजे जाळणारा, दाहक पदार्थ. आघाड्याची राख पाण्यात कालवायची, निवळी गाळून घ्यायची आणि ती आटवायची, की अपामार्ग क्षार. भगंदरावरचं क्षारसूत्र, म्हणजे औषधी दोरा, याच्याच लेपाचं. सुश्रुताच्या सूत्रस्थानात अकरावा अध्याय अख्खा क्षार करण्यावर आहे: मृदू, मध्यम, तीक्ष्ण. क्षाराने जास्त भाजलं तर आंबट कांजीने धुवायला सांगितलंय, कारण आम्ल मिळालं की क्षार तिखटपणा सोडून मधुर होतो. आठवीच्या पुस्तकातलं उदासिनीकरण दुसरं काय आहे? तेव्हा ताई, तुमच्या सासऱ्यांचा क्षार अगदी जुना आणि सरळ आहे.

खमंग:
एवढं संस्कृत कशाला? पापडखार! उडदाच्या पापडात घालतो तो खार खारट असतो का? जिभेला लावून बघा, साबणासारखा बुळबुळीत, कडसर. हळदीवर टाका, लाल होते. जेवताना शर्टावर वरण सांडलं आणि साबण लावला की डाग लाल होतो ना, तसंच. म्हणजे खार हा बेस. पण खारट, खारवणे, खारे दाणे, खारी बिस्किटं हे सगळं मिठाचं. एकाच घरात एकाच शब्दाचे दोन संसार.

चौकस:
आणि लवणाचं मराठीत लोण झालं. शेंदेलोण, पादेलोण. लोणचं. लोणी.

खमंग:
लोणी नाही हो! लोणी नवनीतातून आलं. लोण्यात मीठ कोण घालतं, ते दुकानातलं बटर.

लोणारकर:
लोणार राहिलं. लवणासुराची गोष्ट आमच्याकडे पोराटोरांना पाठ. पण गंमत बघा, सरोवराचं पाणी नुसतं खारट नाही. समुद्राचा सामू आठच्या जरासा वर, आमचा दहाच्या आसपास. मीठही आहे आणि सोडाही. नाव लवणाचं, गुण आजोबांच्या क्षाराचा.

निवृत्त मास्तर:
लोणारकरांनी नकळत मुद्द्याला हात घातला. मी तीस वर्षं हा धडा शिकवला, दर वर्षी कोणीतरी विचारायचंच, 'सर, धुण्याचा सोडा क्षार आहे की आम्लारी?'

जुन्या लोकांच्या हातात शुद्ध सोडियम हायड्रॉक्साइड कधी आलंच नाही. त्यांच्याकडे होती राख. राखेतून निघतं ते मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट, आणि पापडखारात सोडियमची कार्बोनेटं. रचना बघितली तर हे सॉल्टच: धातूचा आयन एकीकडे, कार्बोनेट दुसरीकडे. पण पाण्यात टाकलं की वागणूक बेसची, कारण कार्बोनिक आम्ल दुबळं आणि सोडियम हायड्रॉक्साइड दांडगं. म्हणजे ज्या पदार्थाला पहिल्यांदा क्षार म्हटलं तो दोन्ही होता. पुढे रसायनशास्त्राने दोन कप्पे केले, तेव्हा हिंदीने शब्द एका कप्प्यात टाकला, मराठी पुस्तकाने दुसऱ्यात. अरबांचा अल्कलीसुद्धा राखेचाच शब्द आहे, फक्त तो एकाच कप्प्यात राहिला.

क्षार सॉल्टकडे गेल्यावर बेससाठी शब्द हवा होता, म्हणून आम्लारी. आम्लाचा अरी, शत्रू. मुलांना हा एकदा फोडून सांगितला की विसरत नाहीत. क्षारकात ती मजा नाही.

रेणूबद्दल: धूळ तर धूळ. अणुरेणू ही जोडी मराठी कानाला सवयीची होती, ती वापरली. हिंदीत परमाणु ऊर्जा, आपल्याकडे अणुऊर्जा. भट्टी तीच.

शुद्धमती:
मास्तर, शत्रुत्वावर परिभाषा उभी करायची म्हणजे कमाल आहे. आम्ल नसेल तर आम्लारीला स्वतःची ओळखच नाही. आणि मूळ शब्द 'अरि', ऱ्हस्व.

निवृत्त मास्तर:
मराठीत अंत्य इकार दीर्घ. 1962 पासून. वहीत लिहून घ्या.

शुद्धमती:
तत्सम शब्द समासात पूर्वपदी आला तर ऱ्हस्वच राहतो.

निवृत्त मास्तर:
इथे उत्तरपदी आहे.

एचटूओ:
🍿

रेवातीर:
सगळ्यांचे आभार. हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. सुश्रुताला त्यांनी मान डोलावली, आम्लारीला 'फौजदारी शब्द आहे' म्हणाले. मास्तरांचा राखेचा मुद्दा दोनदा वाचायला लावला आणि मग स्वतः उठून स्वयंपाकघरात गेले. नातवाला हाक मारली. बशीत हळदीचं पाणी, एका टोकाला पापडखार, दुसऱ्या टोकाला मीठ. खाराकडचं टोक लाल झालं, मिठाकडचं पिवळंच राहिलं. बाबा म्हणाले, 'बघ, हा क्षार.' मुलगा म्हणाला, 'आजोबा, पुस्तकात दोन्ही क्षारच आहेत. हा एक जरा आम्लारीसारखा वागतो.' यावर परत जुंपली, पण निदान मोठ्याने.

परमाणूचा मात्र निकाल नाही. वहीत अजून दोन्ही शब्द आहेत, एक निळ्या शाईत, एक लाल. सोमवारी तो काय लिहील देव जाणे.

कृष्णाकाठ:
निळा लिहू दे.

शुद्धमती:
लाल.

खमंग:
ताई, ते जाऊ दे. पापडखार घरात आहे म्हणजे उन्हाळ्याचे पापड घरीच करता वाटतं? खार पिठात कोरडा घालता की पाण्यात उकळून? आमच्या सासूबाई उकळून, गार करून, गाळून त्या पाण्यात पीठ भिजवायच्या. मी कोरडा घातला तर मागच्या वर्षी पापडांवर लाल ठिपके उठले.

निवृत्त मास्तर:
पिठात हळद होती का?

खमंग:
उडदाच्या पापडात हळद कोण घालतं, मास्तर!