मॅक ओएस ९: मेमरी शिल्लक असूनही प्रोग्रॅम उघडत नाही

प्रश्न
जुन्या अंकांच्या फाइली उघडता याव्यात म्हणून आमच्या छापखान्यात एक आयमॅक जी-३ अजून वापरात आहे. त्यात १२८ एमबी रॅम असून मॅक ओएस ९.२.२ ही ॲपलची जुनी कार्यप्रणाली चालते. सकाळी पानमांडणीचा आणि छायाचित्रांचा असे दोन्ही प्रोग्रॅम नीट उघडतात. परंतु दिवसभरात इतर काही प्रोग्रॅम उघडून बंद केले, की छायाचित्रांचा प्रोग्रॅम पुन्हा उघडताना मेमरी अपुरी असल्याचा संदेश येतो. ‘गेट इन्फो’मधील (प्रोग्रॅमची माहिती दाखवणाऱ्या खिडकीतील) मेमरीचे आकडे कोणत्या हिशेबाने बदलावेत? व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे डिस्कचा काही भाग रॅमसारखा वापरण्याची सोय, सध्या बंद आहे.

उत्तर १
आकड्यांना हात लावण्यापूर्वी ॲपल मेनूतील ‘अबाउट धिस कॉम्प्युटर’ उघडून ‘लार्जेस्ट अनयुज्ड ब्लॉक’ (सर्वांत मोठा सलग मोकळा तुकडा) किती आहे ते पाहावे. या प्रणालीत प्रोग्रॅम उघडतानाच त्याला मेमरीचा एक सलग तुकडा नेमून दिला जातो आणि प्रोग्रॅम बंद होईपर्यंत त्या तुकड्याचा आकार बदलत नाही. मधला एखादा प्रोग्रॅम बंद केला, की त्याची जागा मोकळी होते खरी, पण ती दोन चालू प्रोग्रॅमांच्या मध्ये अडकून राहते. समजा अशा ३० आणि २५ एमबीच्या दोन जागा असतील, तर बेरीज ५५ एमबी होऊनही ४० एमबी मागणारा प्रोग्रॅम त्यांपैकी एकीतही मावत नाही. तुमच्याकडे बहुधा हेच घडत आहे, आणि तसे असल्यास आकडे वाढवल्याने अडचण अधिकच वाढेल.

तरीही आकडे बदलायचेच असतील, तर प्रोग्रॅम ‘क्विट’ करून त्याचे मूळ चिन्ह निवडावे, कमांड आणि आय या कळा एकत्र दाबाव्यात आणि ‘मेमरी’ हा भाग उघडावा. ‘मिनिमम साइझ’इतकी सलग जागा नसेल तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही, ‘प्रिफर्ड साइझ’ ही वरची मर्यादा असते, आणि उपलब्ध तुकडा या दोहोंच्या दरम्यानचा असेल तर मिळेल तेवढ्यावर काम सुरू होते. आकडे किलोबाइटमध्ये असतात, म्हणून ४० एमबीसाठी ४०९६० लिहावे. मिनिममचा मूळ आकडा मात्र कमी करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. प्रोग्रॅम उघडेल, पण मोठी फाइल जतन करताना कोलमडू शकेल, आणि येथे प्रोग्रॅमांच्या मेमरीला परस्परांपासून संरक्षण नसल्यामुळे शेजारच्या प्रोग्रॅममधील कामही त्यासोबत जाऊ शकते.

उत्तर २
व्हर्च्युअल मेमरीचाही विचार व्हावा. तुमच्या आयमॅकमधल्यासारख्या पॉवरपीसी प्रोसेसरवर ती चालू असताना प्रोग्रॅमचा कोड लागेल तसा डिस्कवरून घेतला जातो, त्यामुळे प्रत्येक प्रोग्रॅमची मागणी घटते. ही घट किती असेल ते ‘गेट इन्फो’च्या त्याच खिडकीत खाली लिहिलेले असते. १२८ एमबी रॅमसाठी व्हर्च्युअल मेमरीचा आकडा १२९ एमबी ठेवला तरी हा लाभ मिळतो. मात्र तुमचा प्रोग्रॅम फोटोशॉप असेल, तर तो स्वतःची स्क्रॅच डिस्क (तात्पुरत्या कामासाठी डिस्कवर राखलेली जागा) वापरतो आणि व्हर्च्युअल मेमरी बंद असतानाच अधिक चांगला चालतो.

प्रश्नकर्ता
प्रोग्रॅम फोटोशॉपच आहे. संदेश आला तेव्हा सर्वांत मोठा मोकळा तुकडा २२ एमबीचा दिसला, आणि मिनिमम त्याहून अधिक आहे.

उत्तर १
तर मग प्रश्न आकड्यांचा नसून क्रमाचा आहे. जे प्रोग्रॅम दिवसभर लागतात ते सुरुवातीलाच उघडून तसेच चालू ठेवावेत. थोड्या वेळासाठी लागणारे नंतर उघडावेत आणि शेवटी उघडलेला आधी बंद करावा, म्हणजे मोकळ्या जागा एकमेकींना लागून राहतात. जागा विखुरल्याच असतील, तर सर्व प्रोग्रॅम क्विट करून सर्वांत मोठ्या मोकळ्या तुकड्याचा आकडा पुन्हा पाहावा आणि तेव्हाही तो वाढला नाही, तरच यंत्र रीस्टार्ट करावे. फोटोशॉपचा ‘प्रिफर्ड साइझ’ मात्र सकाळी पानमांडणीचा प्रोग्रॅम उघडल्यानंतर जो सर्वांत मोठा मोकळा तुकडा दिसेल, त्याहून काही एमबी कमीच ठेवावा.