पाचशे माणसांचं कार्य: पदार्थ कमी करावेत की माणसं?

दुधनाकाठ

वैशाखात पुतणीचं लग्न आहे. गाव सेलू तालुक्यातलं, अंदाज पाचशे माणसांचा. कार्यालयवाल्यानं दिलेली यादी अशी: सरबत, दोन स्टार्टर, पनीर, मिक्स व्हेज, दाल तडका, जिरा राईस, नान, पोळी, चाट, दोन गोड पदार्थ, आइस्क्रीम. ताटाचा भाव ऐकून भाऊ गप्पच बसला. मग भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी तोडगा काढला, चूलबंद आवतण, म्हणजे सगळ्या घराला जेवायचं आवतण, देऊ नका, घरटी एक माणूस सांगा, खर्च निम्म्यावर येईल.

मला हे अजिबात पटत नाही. माणसं गाळू नका, पदार्थ गाळा. पंगत बसवा आणि पानात येसर आमटी, भात, पोळी, वांगं-बटाटा आणि बुंदी वाढा, सोबत मठ्ठा. बास.

बारा-तेरा पदार्थ मांडले की लोक कशावर तुटून पडतील हे आचाऱ्यालाही सांगता येत नाही. कमी पडलं तर नाव जातं, म्हणून तो प्रत्येक पदार्थ थोडा जास्तच करतो. तेवढ्या ठिकाणचं ते जास्तीचं संध्याकाळी उकिरड्यावर जातं, कारण वैशाखाच्या उन्हात पनीरची ग्रेव्ही आणि दुधाचं गोड टिकत नाही. मोजके पदार्थ असले की कमी पडलेलं तिथल्या तिथं वाढवता येतं. भात घाण्याघाण्यानं टाकायचा, एक पंगत बसली की पुढचं पातेलं चुलीवर. आणि येसरात मसाल्यासोबत भाजलेलं धान्य आणि हरभऱ्याची डाळ दळलेली असते, त्यामुळं आमटी दाट व्हायला तूरडाळ लागतच नाही. अचानक शंभर माणसं वाढली तर मोठ्या पातेल्यात आधण ठेवायचं, येसर गार पाण्यात गुठळी न होता कालवून सोडायचं, तिखट-मीठ बघायचं. खळखळून उकळी आली की बादली वाढप्याच्या हातात. पनीर असं वाढवता येतं का?

माझा हिशेब शंभर पानांना: तांदूळ 7 किलो, कणीक 10 किलो, वांगी-बटाटे मिळून 12 किलो, येसर सव्वा ते दीड किलो, बुंदीला बेसन अडीच-तीन किलो आणि साखर त्याच्या दीडपट ते दुप्पट, मठ्ठ्याला 6-7 किलो दही. जुना आचारी यात किलो-अर्धा किलो इकडंतिकडं करेल.

पटत नसेल तर मोकळं लिहा.

मांजरापट्टा

दादा, मी लातुरात केटरिंग करतो. तुमच्या हिशेबात वाढपी कुठंच नाहीत. दीडशेची एक म्हटली तरी पाचशे माणसांच्या चार पंगती, एकेकीला पाऊण तास. दीडशेच्या पंगतीला बारा-पंधरा पोरं वाढायला पाहिजेत. पूर्वी गल्लीतली पोरं टॉवेल कमरेला गुंडाळून वाढायची, आता ती पुण्याला कंपनीत आहेत. मजुरीनं आणावी लागतात. शिवाय किराणा, 19 किलोच्या गॅस टाक्या, मंडईतून वांगी, पाण्याचे जार, पत्रावळी-द्रोण, भाड्याची भांडी, हे सगळं घरमालकाच्या अंगावर येतं. ठेक्यात ताटं मोजायची आणि पैसे द्यायचे.

नासाडीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी रोज बघतो. पण मोजक्या पदार्थांचा बुफेही करता येतो की. पदार्थ किती आणि बसायचं कसं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

औंढ्याची लेक

दादा, पंगत स्वस्त पडते ती कुणाच्या जिवावर?

शंभर पानांना 10 किलो कणीक म्हणजे पाचशेला 50 किलो. किलोला वीस पोळ्या धरा, हजार पोळ्या झाल्या. वैशाखात चुलीसमोर बसून त्या लाटायच्या, भाजायच्या, दुरडीत फडक्यावर पसरून वाफ जिरवायची, नाहीतर खालच्या ओल्या होतात. हे भावकीतल्या बायका पहाटेपासून करतात आणि त्यांच्या कामाचा भाव लग्नाच्या वहीत कुणी लिहीत नाही. आचाऱ्याची मजुरी लिहिता, मंडपवाल्याची लिहिता, बँडवाल्याची लिहिता.

आता बसण्याचं. पहिली पंगत सोयऱ्यांची, दुसरी गावातल्या पुरुषांची, मग लेकरं, बायका शेवटी. तोवर बुंदी संपलेली असते, भाजीत वांगं सापडत नाही. तुम्ही आधण घालून आमटी वाढवायची म्हणता ना, ती वाढवलेली आमटी शेवटच्या पंगतीच्या द्रोणात पडते आणि त्या पंगतीत आम्ही असतो.

आणि कोणी मांडवात बसायचं, कोणाला बाहेर थांबवायचं, कोणाला सगळ्यांचं झाल्यावर हाक मारायची, हेही पिढ्यानपिढ्या पंगतीतच चालत आलं. बुफेला ताट घेऊन कोणीही कोणाच्या पुढं-मागं उभं राहतं. त्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी मला चालतात.

नांदेडकर

ताई, आमच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरात एकदा बसा. एका ओळीत येईल तो बसतो, डाळ-रोटी सगळ्यांना तीच. 2008 साली गुरु-ता-गद्दीला, म्हणजे गुरु ग्रंथ साहिबला गुरुपद दिलं त्याला, 300 वर्षं झाली तेव्हा देशभरातून लोक लोटले होते, त्यांनाही असंच ओळीत बसवून जेवू घातलं. रोट्या लाटायला तिथं बाप्येही बसतात. पंगत तशीही असू शकते.

औंढ्याची लेक

लंगरात मी जेवलेय, भाऊ. तिथं सोयरे नसतात, रुसवे नसतात, मानाची ताटं नसतात. लग्नात हे सगळं असतं, त्यामुळं तो दाखला इथं लागू पडत नाही.

खडकी

आमच्याकडं संभाजीनगरात लग्नाचं जेवण म्हणजे नान-खलिया. एक सालन म्हणजे मटणाचा रस्सा, आणि एक रोटी. तुघलकानं 1327 मध्ये राजधानी दौलताबादला आणली, त्या फौजेबरोबर हा पदार्थ आला असं जुने लोक सांगतात. हजार माणसं दस्तरखानावर बसवा, दुसरं काय आहे असं कोणी विचारत नाही. बावर्ची डेगमध्ये खलिया शिजवतो, नान भट्टीवरून नगावर येतात, त्यामुळं घरातल्या बायकांना कणकेला हात लावावा लागत नाही. आता त्यात बिर्याणी, कबाब, तीन-तीन मीठे घुसले आणि मुलीचे बाप उधाऱ्या करायला लागले.

मी दुधनाकाठ भाईंच्या बाजूनं आहे. पण पोळीवरचं ताईंचं म्हणणं टाळता येणार नाही. भट्टीवाल्याला आम्ही पैसे मोजतो, तसे पोळीवालीला मोजा.

बालाघाट

बीड जिल्ह्यातून लिहितोय. येसर की पनीर यावर एवढं बोललात, पण यादी ठरवतं कोण? मुलीचा बाप ठरवत नाही. बैठकीत समोरून शब्द येतो, आमची दोनशे माणसं येतील, जेवणात कमी पडू देऊ नका. सोयाबीन हमीभावाच्या खाली विकलेला माणूस त्यावर मान डोलावतो आणि घरी येऊन सावकाराचं दार गाठतो. अशा माणसाला चूलबंद आवतण द्यायला सांगणं मला क्रूर वाटतं.

माणसंच कमी करा. दोन्हीकडची मिळून शंभर-दीडशे, नोंदणी लग्न, घरच्यांचं जेवण. गावजेवण सप्ताहात शोभतं. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाला गावोगावहून भाकरी येतात, आमटी तिथं कढयांत शिजते, लाखो लोक जेवतात. तो भार हजारो चुलींवर वाटलेला असतो. लग्नात तोच भार एकट्या बापाच्या पाठीवर पडतो.

दुधनाकाठ

बालाघाट भाऊ, सावकाराचं दार मलाही नको आहे, म्हणूनच यादीला कात्री लावतोय. पण घरटी एक सांगितलं की कोण येतं? घरातला कर्ता पुरुष. म्हातारी, सून, लेकरं घरी राहतात. पुतणीला अंगाखांद्यावर खेळवलं त्या म्हाताऱ्यांनी, हळद दळायला येणार त्या सुना, आणि जेवायला मात्र त्यांना आवतण नाही? माणसं कमी करायची म्हटली की पहिला काट बायका-लेकरांवर बसतो. ताईंनीही याचा विचार करावा.

ताईंचं पोळ्यांचं बोलणं मात्र मी वहीत उतरवलंय. पोळ्या गावातल्या बचत गटाच्या बायकांना किलोच्या दरानं देणार, मजुरी रोख, त्याच दिवशी. एवढं धरूनही कार्यालयाच्या भावापेक्षा बरंच कमी पडतं. पहिली पंगत बायका-लेकरांची. वाढायला पोरं कमी पडतील तिथं आम्ही भाऊ आणि चुलतभाऊ उभे राहू, आणि आम्ही शेवटच्या पंगतीला बसू. पातळ आमटी आली तर आमच्याच द्रोणात येईल.

सोयऱ्यांपुढं हीच यादी बैठकीत ठेवणार आहे, जेवणाचा खर्च निम्मा-निम्मा या बोलीवर. पनीर पाहिजे असेल तर त्याचे पैसे त्यांनी घालावेत, हे भावाला बोलवत नसलं तरी मी बोलणार.

बालाघाट

बोला जरूर. पण बैठकीत ‘हो’ म्हणणारे सोयरे मांडवात तोंड फिरवून बसलेले मी पाहिलेत, आणि त्याचं पुढं लेकीलाच ऐकावं लागतं. माझं मत माणसं कमी करण्याचंच आहे.

मांजरापट्टा

दादा, एवढ्या पदार्थांचं काम असेल तर मजुरीवर मीही घेतो. बुंदी दोन दिवस आधी पाडून ठेवता येते, लग्नाच्या दिवशी तेवढी चूल मोकळी राहते. वांगी आदल्या रात्री चिरू नका, काळी पडतात. आणि मठ्ठ्यात बाजारातला लादीचा बर्फ अजिबात टाकू नका, तो कुठल्या पाण्याचा असतो ते कळत नाही. पातेलं टपात ठेवून बाहेरून बर्फ लावा. वैशाखातल्या लग्नात लोक आजारी पडतात त्यात बर्फाचा वाटा मोठा असतो.

औंढ्याची लेक

पोळ्यांचं तुम्ही धरलंत, बरं वाटलं. पण पहिली पंगत बायकांची म्हणजे कोणत्या बायकांची? सोयऱ्यांच्या की गावातल्याही? आणि ज्या वस्तीला तुमच्याकडं सगळ्यांचं झाल्यावर हाक मारतात, तिचं काय? ते तुम्ही अजून लिहिलेलं नाही.

दुधनाकाठ

सगळ्याच बायकांची, त्या वस्तीतल्याही. आवतण द्यायला त्या वस्तीत मी स्वतः जाणार आणि इतरांना जी वेळ सांगितली तीच सांगणार. आली ती माणसं जागा असेल तिथं बसतील, मांडवात कोणाला उठवायचं नाही. भावकीतल्या दोघांनी यावर आत्ताच आवाज चढवलाय. त्यांना सांगितलंय, हे मान्य नसेल तर वाढायला येऊ नका, आम्ही आहोत तेवढे वाढू.